पार्किंगमधून पाहिलेले शेवट

पद्माकर गुप्ते यांनी गेल्या तीस वर्षांत एकाही सिनेमाचा शेवट पाहिलेला नव्हता, आणि त्यामुळे त्यांच्या मतांत कधी फरक पडलेला नव्हता.

याचं मूळ स्कूटरमध्ये होतं. मुलगा इंद्रनील कडेवरचा असताना गुप्ते पतिपत्नी एकदा सिनेमाला गेले होते. सिनेमा संपला आणि सगळं बडोदं एकाच वेळी आपापली स्कूटर काढायला लागलं. पद्माकररावांची स्कूटर भिंतीला लागून, सगळ्यांच्या आत. पोर टाहो फोडतंय, नीराबाई त्याला थोपटताहेत, आणि पुढचा गृहस्थ निवांतपणे किक मारून बघतोय. त्या दिवशी पद्माकररावांनी जे ठरवलं ते आजतागायत पाळलं. शेवटाला दहाएक मिनिटं उरली की उठायचं, वाकून, लोकांच्या पायांवर पाय देत बाहेर पडायचं, आणि स्कूटर दाराशी आणून चालू ठेवायची. नीराबाई सिनेमा पुरता बघून सावकाश खाली येत. त्या मागे बसल्या की स्कूटर निघे. वाटेत पद्माकररावांनी कधी शेवट विचारला नाही, आणि त्यांनी विचारला नाही म्हणून नीराबाईंनी सांगितला नाही.

"शेवट कळायला शेवट बघावा लागत नाही," असं ते म्हणत. विमा कंपनीत लोकांचे दावे तपासण्यात उभी नोकरी गेल्यामुळे समोरचा काय सांगणार हे तो तोंड उघडण्याआधीच ओळखायची त्यांना सवय होती. कधी चुकलं असेल तर ते सांगायला कोणी परत आलं नव्हतं.

निवृत्तीनंतर या ज्ञानाला वाट हवी होती. ती 'आपले बडोदेकर' या व्हॉट्सॲप ग्रुपवर मिळाली. ग्रुपमध्ये गावातली बरीचशी मराठी घरं होती, आणि बडोदं सोडून गेलेली त्यांची मुलंही. रविवारी सिनेमा पाहायचा आणि सोमवारी सकाळी चहाबरोबर मत टाकायचं, असा पद्माकररावांचा रिवाज पडला. सिनेमांची नावं त्यांच्या लक्षात राहत नसत. त्यावाचून अडतही नसे. त्या उन्हाळ्यात त्यांनी आधी 'धुराचा सिनेमा' निकालात काढला: "हीरो गोळ्या चुकवतो यात विशेष नाही. पण चुकवता चुकवता गॉगल पुसतो. धूर इतका की खलनायक कोण हे मध्यंतरापर्यंत कळलं नाही. सौ. म्हणतात मध्ये एक गाणं होतं. असेल."

मग 'चार सुनांचा': "कौटुंबिक. प्रत्येक प्रसंगात कोणीतरी जिन्यात उभं राहून ऐकत असतं. त्या घराला जिना नसता तर सिनेमा झालाच नसता. शेवटी अर्थात सगळे एकत्र येतात, सासऱ्यांच्या फोटोला हार घालतात आणि पंगतीला बसतात. रुमाल न्यावा."

लोक रुमाल घेऊन गेले होते. नंतर कोणी काही बोललं नव्हतं, पण ग्रुपवर नंतर कोणीच काही बोलत नाही.

आणि मग आला 'उडणाऱ्याचा'. त्यात एक माणूस उडतो आणि शहराला वाचवतो. त्या सोमवारी पद्माकररावांच्या बोटांत बळ संचारलं होतं.

"उडणारा ठीक उडतो. तक्रार पुराची आहे. मंडळी, या सिनेमातला पूर गर्जना करत येतो! निळाशार. वर पांढराशुभ्र फेस, कोणी केस धुतल्यासारखा. पूर असा येतो का? त्या ऑगस्टात आपण सगळ्यांनी पाहिलाय. पूर गर्जत येत नाही. तो बाथरूमच्या जाळीतून गुपचूप येतो, चहाच्या रंगाचा, आणि आधी चपला नेतो. ज्याने कोणी हे पाणी तयार केलंय त्याला एक पावसाळा कारेलीबागेत तळमजल्यावर ठेवा. आमचे आजोबा संस्थानच्या पाणीखात्यात होते. आमच्या घरात पाणी ओळखतात."

पहिल्या टाळ्या उदयसिंहरावांच्या आल्या. हे पद्माकररावांचे जुने स्नेही. त्यांचे पूर्वज महाराजांच्या घोडदळात होते, आणि घोडा गेला तरी उंची घराण्यात राहिली होती. "जोरदार, पद्माकरराव! फेस काढलात!" असं लिहून त्यांनी खाली सहा हात जोडले. मागून बाकीचे आले. पद्माकरराव एकेक टाळी वाचत चहा पीत होते, तेवढ्यात नीराबाई हातात झारा घेऊन स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. दुसऱ्या हातात त्यांचा स्वतःचा फोन होता.

"अहो, हे काय लिहिलंत?"

"का? लांबलं?"

"हे पाणी कोणी केलंय माहितीये तुम्हाला?"

"कोण करणार? एखादं मशीन."

"इंद्रनीलने केलंय."

पद्माकररावांनी कप बशीत ठेवला. म्हणजे बशीत ठेवायला गेले. तो टेबलावर टेकला.

इंद्रनीलची हकिगत घरात फारशी निघत नसे. इंजिनियर झाल्यावर उदयसिंहरावांनी शब्द टाकून त्याला मकरपुऱ्याच्या एका पंपाच्या कारखान्यात लावलं होतं. कंपनीची बस दाराशी यायची, कँटीन स्वस्त, सगळं छान. दोन वर्षांनी तो नोकरी सोडून हैदराबादला गेला, सिनेमांसाठी कॉम्प्युटरवर पाणी हलवायला. पद्माकरराव तेव्हा एकच वाक्य बोलले होते: "खरे पंप सोडून खोटं पाणी?" त्यानंतर बापलेकांचं फोनवर रीतसर बोलणं चालू होतं. तिकडे पाऊस आहे का. आहे. इकडे नाही. बरं, आईला दे.

"तुला कसं कळलं?"

"काल शेवटी पाट्या येतात त्यात नाव आलं त्याचं. मी वाचलं. रडू आलं मला."

खाली स्कूटरवर बसताना नीराबाईंचे डोळे लाल होते हे पद्माकररावांनी काल पाहिलं होतं. एसीने झाले असतील असं त्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं.

"आणि मला सांगितलं नाहीस?"

"तुम्ही कधी शेवट विचारलात?" नीराबाईंनी झारा टेबलावर ठेवला. "आणि त्याने शपथ घातली होती. शनिवारी येतोय ना तो, त्यासाठीच येतोय. नाव स्वतः दाखवायचंय त्याला तुम्हाला. महिनाभर मागे लागलाय, आई, एवढ्या एका वेळी बाबांना शेवटपर्यंत बसव."

"तो आहे का गं या ग्रुपवर?"

"तुम्हीच घातलात की. मागच्या दिवाळीत."

पद्माकररावांनी फोन उचलला. मजकूर पुसता येतो हे त्यांना माहीत होतं. त्यांनी मजकुरावर बोट दाबून धरलं, फोनने काहीतरी दोन पर्याय विचारले, आणि विमा कंपनीत कधीही न केलेली गोष्ट त्यांनी त्या क्षणी केली. न वाचता मान्यता दिली. मजकूर गेला. त्यांनी सुस्कारा सोडला. मग खाली नवीन टाळी आली. मग आणखी एक.

त्यांनी पुण्याला मुलीला फोन लावला.

"बाबा," सगळं ऐकून ईशानी म्हणाली, "तुम्ही तो फक्त तुमच्यापुरता पुसलात."

"म्हणजे?"

"म्हणजे सगळ्यांकडे आहे. फक्त तुमच्याकडे नाही."

"मग आता पुसता नाही येणार?"

"जे नाहीच तुमच्याकडे ते पुसणार कसं?"

पद्माकररावांनी फोन दुसऱ्या कानाला लावला. "इंद्रनीलने वाचलाय का ते तरी कळेल?"

"कळलं असतं. तुमच्याच फोनवर. मेसेज असता तर."

"तू विचार ना त्याला."

"मी नाही हं मध्ये पडणार! आणि शेवट ओळखता ना तुम्ही? मग ओळखा."

तो आठवडा पद्माकररावांनी फार पाणी पिऊन काढला. मंगळवारी त्यांनी ग्रुपवर पुनर्विचार टाकला. "उडणाऱ्याच्या सिनेमाविषयी थोडं अधिक. पुराचे अनेक प्रकार असतात. सर्वच पूर तळमजल्यावरून दिसणाऱ्या पुरासारखे असतील असं नाही. निळा रंगही अधूनमधून आढळतो. पाणी एकंदरीत ओलं वाटलं. अवश्य पाहावा."

उदयसिंहरावांचा ताबडतोब फोन आला. "शू थयु? काय झालं, पद्माकरराव? शुगर तपासलीत का?"

"मी ठणठणीत आहे."

"मत बदललंत तुम्ही! मी शालिनीला दोनदा वाचून दाखवलं. ती म्हणाली, गुप्त्यांनी मत बदललं म्हणजे सिनेमात नक्की काहीतरी आहे. या शनिवारी आम्ही जातोच."

इंद्रनील शनिवारी सकाळी आला. सॅक टाकली, आईला मिठी मारली, बाबांना वाकून नमस्कार केला. पद्माकररावांनी पाठीवर हात ठेवताना तो मजकूर वाचलेल्या माणसासारखा वाकतोय की न वाचलेल्या, हे बघायचा प्रयत्न केला. पाठीवरून कळत नव्हतं. मग तिघं सेव उसळ घेऊन बसले.

"तिकडे पाऊस आहे का?" पद्माकररावांनी विचारलं.

"मे महिना आहे, बाबा."

"हो. तेही आहे."

इंद्रनीलने पाव तोडला. "मग, पाहिलात ना? कसा वाटला?"

"छान."

"छान?"

"छान आहे."

"बाबा, तुम्ही आजवर एकाही सिनेमाला छान म्हणाला नाहीत. मामाच्या सानवीच्या लग्नाच्या व्हिडिओत सुद्धा कॅमेरा हलतो म्हणाला होतात."

"हलतच होता," पद्माकरराव म्हणाले, आणि तर्रीचं निमित्त करून खोकले.

नीराबाईंनी दोघांकडे आळीपाळीने पाहिलं आणि आणखी सेव वाढली.

दुपारच्या खेळाला जायला इंद्रनीलने रिक्षा बोलावली. नीराबाई आणि तो रिक्षात बसले. पद्माकरराव स्कूटरवरून मागे आले.

"अहो, रिक्षात जागा होती," मॉलच्या दाराशी रिक्षातून उतरत नीराबाई म्हणाल्या.

"स्कूटर असलेली बरी," ते म्हणाले, आणि तळघरात जाऊन सवयीने ती बाहेर जायच्या रस्त्याजवळ लावायला गेले. तिथल्या रखवालदाराने शिट्टी वाजवून त्यांना पार आत, भिंतीपर्यंत पिटाळलं. आज दहा मिनिटं आधी निघायचं नसल्यामुळे त्यांनी वाद घातला नाही. पण भिंतीकडे पाहून त्यांना बरं वाटलं नाही.

सिनेमा सुरू झाला. उडणारा उडाला. मग पूर आला, तसाच, गर्जना करत. इंद्रनील पडद्याकडे बघतच नव्हता. तो अंधारात बाबांकडे बघत होता. पद्माकररावांनी मन मोठं करून, मान पुढे काढून, पाण्याकडे नव्या नजरेने पाहिलं. तो फेसच होता. मुलाने केला म्हणून काही कमी झालेला नव्हता.

मध्यंतरात नीराबाई मैत्रीण दिसली म्हणून बाजूला गेल्या. बापलेक पॉपकॉर्नचा भला मोठा डबा मध्ये धरून उभे राहिले.

"फेस जास्त आहे ना, बाबा?"

पद्माकररावांच्या घशात लाही अडकली. "वाचलंस तू."

"सोमवारीच. साडेनऊला."

"अरे, मला काय माहीत की... मी आपलं..."

"ऐका तर. मी ते इंग्रजी करून ऑफिसात सगळ्यांना वाचून दाखवलं. आता भिंतीवर लावलंय, प्रिंट काढून. 'पूर आधी चपला नेतो.'"

"माझी चेष्टा करताय होय सगळे?"

"चेष्टा? टाळ्या वाजवल्या लोकांनी!" इंद्रनील हसायला लागला. "बाबा, मी पहिल्यांदा तोच पूर केला होता. आपलाच. बाथरूमच्या जाळीतून येणारा. चहाच्या रंगाचा, अजिबात आवाज नसलेला. कित्येक महिने मी तेवढंच करत होतो. जाळीतून पहिला बुडबुडा कसा येतो, आठवतं? तू मोरीत उभा राहून म्हणत होतास... म्हणजे तुम्ही म्हणत होतात, काही नाही, ड्रेनेज तुंबलंय."

"मग?"

"मग दिग्दर्शकाने बघितला. म्हणाला, पाणी घाण दिसतंय. अशा पाण्यात हीरो उतरला तर मुलांच्या डब्यांवर त्याचं चित्र कोण छापेल? निळं करा. केलं. मग निर्मात्याचे मेहुणे आले. ते म्हणाले, आता भीती नाही वाटत. फेस घाला."

पद्माकररावांनी शांतपणे लाही चावली. नुकसान झालं होतं हे त्यांनी पहिल्याच पाहणीत ओळखलं होतं. आता कारणही सापडलं होतं.

"मूर्ख आहे," ते म्हणाले.

"कोण?"

"मेहुणा."

मुलाच्या कामाबद्दल गेल्या काही वर्षांत त्यांचं झालेलं हे सगळ्यात लांबलचक संभाषण होतं.

"एकच गोष्ट ठेवू दिली त्यांनी," आत जाताना इंद्रनील म्हणाला. "शेवटच्या मारामारीत, डाव्या कोपऱ्यात खाली बघा. स्लीपर आहे. निळी. एकच."

पद्माकररावांची एक निळी स्लीपर त्या ऑगस्टात गेली होती. दुसरी अजून माळ्यावर होती, कारण जोडी सापडू शकते असं त्यांचं मत होतं.

शेवटाला दहा मिनिटं उरली हे पद्माकररावांना घड्याळात बघावं लागलं नाही. त्यांचे पायच उठले. खलनायकाने छतावरून आरोळी ठोकली आणि इकडे ते अर्धवट वाकलेल्या अवस्थेत, हात खिशातल्या चावीवर, शेजाऱ्याच्या पायाचा अंदाज घेताना सापडले. अंधारात नीराबाईंचा तळहात त्यांच्यासमोर आला.

"चावी द्या."

"अगं, सवयीने..."

"द्या."

त्यांनी दिली. पर्समध्ये चावी पडल्याचा आवाज पडद्यावरच्या स्फोटापेक्षा मोठा झाला. पद्माकरराव बसले आणि तीस वर्षांत पहिल्यांदा सिनेमाच्या त्या भागात दाखल झाले, जिथे नवखा माणूस हात कुठे ठेवावे या विचारात पडतो. डाव्या कोपऱ्यावर नजर लावून ते बसले. इमारती कोसळल्या, पूल तुटला, उडणाऱ्याचं आणि त्याच्या वडिलांचं काहीतरी जुनं भांडण मिटलं, त्यातलं त्यांनी काही पाहिलं नाही. आणि मग फेसाच्या कडेने, कुणाच्या खिजगणतीत नसताना, ती आली. पट्टा एका बाजूने सुटलेला.

"माझी!" पद्माकरराव मोठ्याने म्हणाले.

पलीकडच्या खुर्च्यांतले दोघं वळले. इंद्रनीलने खाली मान घातली, पण त्याचे खांदे हलत होते.

मग सिनेमा संपला आणि पाट्या सुरू झाल्या. माणसांची नावं बारीक अक्षरात, खालून वर, न संपणारी. एक सिनेमा करायला इतकी माणसं लागतात याचा पद्माकररावांना पत्ताच नव्हता. ते जमतील तितकी वाचत होते. सगळी दोन-दोन शब्दांची.

"आता येईल," इंद्रनील पुटपुटला. "पाण्याचं खातं सुरू झालं की."

आणि त्याच वेळी पुढची रांग उठली. त्यांच्या नेमक्या समोर एक डोकं वर गेलं, आणि जातच राहिलं. त्याच्या शेजारी अंबाड्याचं एक डोकं उभं राहिलं. पडद्याचा मधला सगळा भाग गेला.

"ओ, बसा खाली!" पद्माकरराव ओरडले. तीस वर्षं लोक त्यांना जे म्हणत आले होते ते शब्द त्यांना आपसूक येत होते. "मागे माणसं आहेत! एवढी कसली घाई आहे?"

उंच डोकं वळलं. "पद्माकरराव? तुम्ही अजून आत?" उदयसिंहराव भूत पाहिल्यासारखे बघत होते. "काही झालं का? नीरावहिनी बऱ्या आहेत ना?"

"बसा हो!"

"अहो, गाडी काढायला निघालो. तुम्हीच सांगता ना, शेवट कळायला..."

"उदयसिंहराव, खाली बसा!"

शालिनीबाईंनी नवऱ्याचा सदरा ओढला. पण त्यांना बसवताना त्या स्वतः उभ्याच होत्या, त्यामुळे फायदा झाला नाही. पाट्या वर सरकत राहिल्या. पद्माकररावांनी मान इकडून काढली, तिकडून काढली, आणि घोडदळातलं डोकं आणि अंबाडा यांच्या मधल्या चिंचोळ्या फटीतून त्यांना एकच शब्द वर जाताना दिसला, इंग्रजीत, स्पष्ट. पद्माकर. तो छतापाशी पोचला आणि नाहीसा झाला.

"दिसलं?" इंद्रनीलने विचारलं. त्याचा आवाज जरा चढला होता. "बाबा, दिसलं का?"

"पद्माकर दिसलं."

"आणि मागचं, पुढचं?"

"मागे उदयसिंहराव होते आणि पुढे शालिनीबाई."

इंद्रनील खुर्चीत मागे टेकला. "दोनच शब्द लिहायचा नियम होता त्यांचा," तो जरा वेळाने म्हणाला. "मी भांडलो. म्हटलं, आमच्यात नाव तीन शब्दांचं असतं. मधलं गाळता येत नाही."

पद्माकररावांनी चष्मा काढून पुसला. एसी फारच जोरात होता.

तळघरात स्कूटर भिंतीला लागून, सगळ्यांच्या आत होती. पुढे सगळं बडोदं आपापली गाडी काढत होतं, हॉर्न वाजत होते, आणि सर्वांत पुढे उदयसिंहरावांची मोटार एका खांबात आणि दुसऱ्या मोटारीत आडवी अडकली होती. रिक्षाने जाऊ म्हणायचं कोणालाच सुचलं नाही. तिघं स्कूटरला टेकून उभे राहिले. बऱ्याच वेळाने पद्माकररावांनी घसा साफ केला.

"ते चार सुनांचं," ते नीराबाईंना म्हणाले, "शेवटी एकत्र आले ना सगळे?"

नीराबाईंनी तीस वर्षं वाट पाहिल्यासारखं त्यांच्याकडे पाहिलं. "कुठले! वेगळे झाले. घर विकलं. सासऱ्यांचा फोटो रद्दीवाल्याकडे गेला."

"फोटो?"

"हारासकट."

"मी रुमाल न्या म्हणून सांगितलं होतं लोकांना."

"लागले की रुमाल."

पद्माकररावांनी हे मनात मुरू दिलं. पुढे मोटार एक वीत मागे आली आणि पुन्हा अडकली.

"उद्या परत येऊ," ते इंद्रनीलला म्हणाले. "चालत. स्कूटर नको."

"बाबा, दोन सेकंदांच्या नावासाठी पुन्हा अख्खा सिनेमा बघणार?"

"अख्खा कशाला?" पद्माकरराव म्हणाले. "शेवटच्या दहा मिनिटांना येऊ. आधीचं सगळं माहितीये मला."